भाऊजी मनोरुग्णालयातून घरी येणार आहेत, तयारी काय करू?

पत्र : आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. माझे धाकटे दीर ३१ वर्षांचे आहेत. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होते. चार वर्षांपूर्वी त्यांना स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. गोळ्यांनी बरं वाटलं म्हणून त्यांनी त्या सोडल्या. मग झोप उडाली, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं म्हणायला लागले आणि एका रात्री दगड घेऊन शेजाऱ्यांच्या अंगावर धावून गेले. गेले दोन महिने ते सरकारी मनोरुग्णालयात आहेत. डॉक्टर म्हणतात, आता बरे आहेत, पंधरवड्यात घरी न्या. मिस्टर नोकरीसाठी मुंबईला असतात. घरात सासूबाई, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. सासूबाई म्हणतात, हे बाहेरचं आहे, देवस्थानी नेऊ आणि लग्न उरकून टाकू. शेजारी म्हणतात, परसातल्या खोलीत ठेवा. मला भाऊजींची माया आहे, पण खरं सांगते, भीतीही वाटते. गोळ्या कुठून आणायच्या, कुणी द्यायच्या, गावात काय सांगायचं, काहीच कळत नाही. मुलगी विचारते, काका परत तसे होतील का? तिला काय सांगू?
— एक वहिनी

उत्तर :

ताई,

अजून पंधरा दिवस हातात असताना लिहिलंत, हे फार बरं केलंत. बहुतेक घरं दवाखान्यातून दिलेल्या गोळ्या संपत आल्या की धावाधाव सुरू करतात. तोवर माणूस घरी येऊन महिना झालेला असतो आणि झोप पुन्हा बिघडायला लागलेली असते.

तुमच्या सगळ्या प्रश्नांमागे मला एक गोष्ट दिसली. ही सगळी जबाबदारी आता माझी, असं तुम्ही मनोमन धरून चालला आहात. तसं होऊ देऊ नका. तुम्ही कमी पडाल म्हणून नव्हे, एकट्या बाईवर टाकलेली अशी शुश्रूषा वर्षभरसुद्धा टिकत नाही म्हणून. औषध, सोबत, काम, कागदपत्रं हे सगळं चारपाच माणसांत वाटायचं आणि ती वाटणी भाऊजी घरी येण्याआधी करायची. खाली जे लिहिते आहे ते याच हिशेबानं वाचा.

आधी भीतीचं बोलू. ती वाटण्यात काही गैर नाही. पण त्या रात्री तुम्ही जे पाहिलंत ते औषध सुटलेल्या, कित्येक रात्री न झोपलेल्या आणि स्वतःच जिवाच्या भीतीनं ग्रासलेल्या माणसाचं वागणं होतं. स्किझोफ्रेनिया असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उचलत नाहीत. उपचार सुटणं आणि दारू, या दोन गोष्टींनी धोका वाढतो, तेव्हा त्या दोन्हींवर लक्ष असू द्या.

घरात सहसा ज्याबद्दल कुणी बोलत नाही तो धोका त्यांच्या स्वतःच्या जिवाला असतो. मनोरुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं फार नाजूक असतात, हे जगभर दिसून आलं आहे. माणूस शुद्धीवर येतो, गेल्या काही महिन्यांत काय झालं ते आठवतं, नोकरी गेलेली असते, गाव बघत असतं. म्हणून ते येण्याआधी घरातली आणि गोठ्यातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. उंदराचं औषधही. जुन्या गोळ्यांचा साठा घरात पडून राहू देऊ नका. आणि ते फार गप्प झाले, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलले, तर सरळ विचारा, ‘भाऊजी, जीव द्यायचं मनात येतंय का?’ विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आता या पंधरा दिवसांत करायची कामं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या ९८व्या कलमात म्हटलंय की रुग्णाला घरी सोडताना पुढच्या उपचारांचं नियोजन डॉक्टरांनी त्याच्याशी आणि त्याच्या माणसांशी बोलून करायचं. म्हणजे तुम्ही जे विचारणार आहात तो तुमचा हक्कच आहे, संकोच करू नका. रुग्णालयात फोन करून समाजसेवा अधीक्षकांची, म्हणजे तिथल्या सामाजिक कार्यकर्त्यांची, वेळ मागा. डॉक्टरांच्या राउंडमध्ये घाईत जे बोलणं होत नाही ते इथं होतं. त्यांच्याकडून डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक गोळीचं नाव, ताकद, वेळ वाचता येईल अशा अक्षरात लिहून घ्या. किती दिवसांच्या गोळ्या मिळणार आणि पुढची तारीख कोणती, ते विचारा. हातपाय ताठणं, थरथर, लाळ गळणं, एका जागी बसवेनासं होणं, भूक आणि वजन वाढणं, यातलं काय झालं तर थांबायचं आणि काय झालं तर लगेच यायचं, तेही विचारून घ्या. गोळ्या सोडण्याचं कारण पुष्कळदा हा त्रासच असतो आणि घरचे समजतात की माणूस हट्टी आहे. रोजच्या गोळीऐवजी काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन काही जणांना चालतं. भाऊजींना चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, आणि विचाराल तेव्हा भाऊजी समोर असू द्यात. निर्णय त्यांच्या शरीराबद्दलचा आहे.

सिव्हिलच्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी मात्र मागितल्याशिवाय निघू नका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी चालते. तिथं मानसोपचारतज्ज्ञांबरोबर मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका अशी टीम असते. ठरलेल्या दिवशी ही टीम तालुक्याच्या दवाखान्यातही येते का, तेही विचारा. भाऊजी येण्याआधी तुम्ही किंवा मिस्टरांनी तिथं एक फेरी मारा. ओपीडी कोणत्या वारी असते, केस पेपर कुठं निघतो, आणि कार्डावरच्या याच गोळ्या तिथं मिळतात का, हे बघून या. एखादी गोळी मिळत नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं. म्हणजे डॉक्टरांना बदलून देता येते किंवा बाहेरून घ्यायची तर खर्चाचा अंदाज येतो. हे दुवे न जुळल्यामुळे पुन्हा भरती झालेली माणसं मी माझ्या कामात फार पाहिली आहेत. त्या घरांमध्ये माया कमी नव्हती. गोळी कुठल्या खिडकीवर मिळते एवढंच कुणाला माहीत नव्हतं.

घरी गोळ्या कुणी द्यायच्या? भाऊजींनाच विचारा. ‘तुम्ही घेणार आणि मी फक्त पाकीट बघणार, की मी हातात देऊ?’ जे ठरेल ते एकदाच, रात्रीच्या जेवणानंतर. दिवसभर ‘गोळी घेतली का’ चालू ठेवू नका. आणि चहात किंवा आमटीत चुरून तर कधीच देऊ नका. गावाकडे हे सर्रास चालतं, करणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. पण कळलं की माणूस घरचं अन्न खायला घाबरतो, आणि ज्याला आधीच लोक आपल्या वाईटावर आहेत असं वाटत होतं त्याचा तो संशय खरा ठरतो. गोळी घ्यायला नकार असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं.

बोलण्याच्या सुराकडेही लक्ष असू द्या. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात पाहिलं, की मनोरुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले काही जण जास्त चांगले राहत होते. घरचे प्रेम करत नव्हते असं नाही. पुढच्या अभ्यासांतून उलगडलं की सतत टोचून बोलणं, राग आणि अतिकाळजीनं घातलेला वेढा, यांनी आजार उलटण्याची शक्यता वाढते. तेव्हा सासूबाईंचं ‘तुझ्यापायी घर धुळीला मिळालं’ जितकं त्रासदायक, तितकंच ‘एकटा संडासला जाऊ नको’ हेही त्रासदायक.

सासूबाईंशी वाद घालू नका, ताई. पोटचा पोरगा असा झालाय, त्यांना काहीतरी करायचं आहे. देवाला नारळ वाहायचा असेल, अंगारा लावायचा असेल, लावू द्यात. दोन गोष्टींवर मात्र ठाम राहा. गोळी एक दिवसही चुकणार नाही, आणि कुठल्याही ठिकाणी त्यांना बांधलं, मारलं, उपाशी ठेवलं जाणार नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळदंडानं बांधायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर तुमच्याच साताऱ्याचे. त्यांच्या अनेक वर्षांच्या आग्रहातून तो कायदा आला. डिस्चार्जच्या दिवशी सासूबाईंना बरोबर न्या आणि आजार म्हणजे काय ते डॉक्टरांनाच समजावून सांगू द्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत फरक पडतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

लग्नाचा विषय आत्ता बंद. लग्नानं स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. पुढं कधी भाऊजींना स्वतःला करावंसं वाटलं तर मुलीला आणि तिच्या घरच्यांना आजाराची पूर्ण कल्पना देऊनच. लपवून केलेल्या लग्नात दोन आयुष्यं होरपळतात आणि लपवण्यासाठी पहिल्यांदा गोळ्याच बंद केल्या जातात.

आता गावाबद्दल. इथं मी थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढची वर्षं भाऊजींना काढायची आहेत ती गावातच.

तुमच्या जिल्ह्याशी निगडित एक अभ्यास आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांबरोबर सातारा, गोवा आणि तामिळनाडू इथं तो झाला आणि २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही जणांना नेहमीसारखे डॉक्टरांचे उपचार मिळाले. बाकीच्यांना त्या उपचारांबरोबर घरी येऊन भेटणारा प्रशिक्षित कार्यकर्ताही मिळाला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, तुमच्या-आमच्यासारखीच साधी शिकलेली माणसं होती. ते आजार समजावून सांगायचे, गोळ्यांची आठवण द्यायचे, माणसाला पुन्हा कामाकडे आणि लोकांत न्यायचे. वर्षभरानं पाहिलं तेव्हा त्यांच्या घरभेटी मिळालेल्यांची लक्षणं आणि रोजच्या जगण्यातला अडथळा इतरांपेक्षा जास्त कमी झाला होता. फरक माफकच होता, पण तो डॉक्टरांच्या जोडीला माणसं दिल्यानं पडला होता.

असा कार्यकर्ता आज तुमच्या दारात आपोआप येणार नाही. तो थोडा थोडा जमवावा लागेल. गावच्या आशाताईंशी बोला. महिन्यातून दोनदा घरी डोकावणं आणि गोळ्या संपत आल्या की आठवण देणं त्या करू शकतात. आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स त्यांच्याकडे असू द्या. हे करण्याआधी भाऊजींची परवानगी घ्या. आजाराची माहिती त्यांची स्वतःची आहे.

मग त्यांना विचारा, गावात तुमचं खरं कोण आहे? शाळेतला एखादा मित्र असेल, मामा असेल, डेअरीवरचा कुणी असेल. अशी तीन नावं निघाली तरी पुष्कळ. प्रत्येकाला नेमकं, छोटं काम द्या. ‘लक्ष ठेवा हं’ म्हटलं की कुणीच काही करत नाही, कारण काय करायचं ते कळत नाही. मित्रानं रविवारी संध्याकाळी पारावर किंवा मैदानात सोबत न्यायचं. मामानं सिव्हिलच्या तारखेला बरोबर जायचं, म्हणजे तुमचा रोज बुडणार नाही. आणि मिस्टरांनी काय करायचं तेही सांगते. पहिला आठवडा रजा घेऊन घरी राहायचं. मग रोज रात्री भाऊजींना फोन करायचा, तुम्हाला नव्हे, भाऊजींना, आणि तो गोळीबद्दल नसावा, क्रिकेटबद्दल, कामाबद्दल, काहीबाही बोलायला असावा. पैसे पाठवले की भावाचं कर्तव्य संपत नाही, हे माझ्या नावानं त्यांना वाचून दाखवा.

लोक विचारतील, कुठं होता इतके दिवस? भाऊजींबरोबर बसून एक वाक्य ठरवा. ‘तब्येत बिघडली होती, दवाखान्यात होतो, औषध चालू आहे, आता बरं आहे.’ एवढंच, सगळ्यांना सारखंच. ज्या शेजाऱ्यांवर ते धावून गेले होते त्यांच्याकडे मात्र आधी तुम्ही आणि सासूबाई जाऊन या. ते घाबरलेले आहेत, त्यांचं ऐकून घ्या. काही वाटलं तर पोलिसांच्या आधी आम्हाला हाक मारा, असं सांगून तुमचा आणि मामांचा नंबर द्या. भाऊजींना तयारी वाटेल तेव्हा तेही भेटतील.

कामाची घाई नको, पण रिकामा दिवसही नको. पहिले काही आठवडे ते फार झोपतील, बोलणं कमी असेल, आंघोळीचाही कंटाळा करतील. याला आळस म्हणू नका. उत्साह आटणं हा या आजाराचाच भाग आहे, काही वेळा गोळ्यांची गुंगीही असते, आणि हा निरुत्साह भास-संशयांपेक्षा सावकाश जातो. सकाळी डेअरीवर दूध घालून येणं, एवढंच एक ठरलेलं काम द्या. ते बसलं की जुन्या दुकानमालकांना विचारा, दिवसाचे दोन तास बसवतील का. मोटार गुंडाळायची कला हातात आहे आणि मागणी गावोगाव आहे. विजेचं काम आणि गुंगी यांचा मेळ नाही, म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

कागदपत्रांचं थोडक्यात. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये मानसिक आजार येतो. आजार बरीच वर्षं राहून जगण्यावर परिणाम झाला असेल तर तपासणीनंतर टक्केवारी ठरते आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर युडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, एसटीची सवलत, संजय गांधी निराधार अनुदान अशा योजनांसाठी अर्ज करता येतो. निराधारचा अर्ज तहसीलला. हे पहिल्या महिन्यात करायचं काम नाही आणि भाऊजींची इच्छा असेल तरच करायचं. काहींना तो शिक्का वाटतो, काहींना तो आधार वाटतो.

एक कागद मात्र लवकर करा. ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणून कोण, हे भाऊजी साध्या कागदावर लिहून सही करून देऊ शकतात. पुन्हा कधी त्यांना स्वतः ठरवणं जमलं नाही तर उपचारांच्या निर्णयात त्यांच्या बाजूनं कोण उभं राहणार, हे ते आज, डोकं शांत असताना निवडतील. ते तुम्हाला निवडतील, भावाला निवडतील, मित्रालाही निवडतील. त्याच वेळी त्यांच्याच तोंडून विचारून घ्या की आजार परत येताना सगळ्यात आधी काय होतं. तुमच्या पत्रातलं उत्तर झोप हे आहे. सलग दोन-तीन रात्री झोप उडाली, की पुढच्या तारखेची वाट न पाहता सिव्हिल गाठायचं. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. भाऊजीही तिथं बोलू शकतात, तुम्हीही. जिवावरचं असेल तर १०८.

तुमच्यासाठीही एक जागा हवी. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे. कॅनडात स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी ती उभी केली. तिथं आजार असलेल्यांना शुभार्थी आणि सांभाळणाऱ्यांना शुभंकर म्हणतात, आणि दोघांचे स्वमदत गट चालतात. सिव्हिलच्या टीमला विचारा, साताऱ्यात असा गट आहे का. नसेल तर ओपीडीच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या बाईशी बोलणं सुरू करा. तिच्याकडेही तुमच्यासारखंच पाकीट असतं.

आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट, कारण ती मनातून जात नाही. तुम्ही भाऊजींना न्यायला निघाला आहात. बऱ्या झालेल्या कितीतरी बायकांना न्यायला कुणी येत नाही, पत्ते बदललेले असतात, नवऱ्यानं दुसरं घर केलेलं असतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘तराशा’ हा प्रकल्प मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना राहायला जागा आणि नोकरी मिळवून देण्यासाठीच काम करतो. तुमच्या नात्यात अशी कुणी विसरली गेली असेल तर आजच चौकशी करा.

परसातल्या खोलीचं उत्तर ‘नाही’ असं आहे. घरात जिथं झोपत होते तिथंच झोपू द्यात, त्यांना स्वतःला वेगळी खोली हवी असेल तर गोष्ट निराळी. पण मग कडी आतून असायला हवी, बाहेरून नाही.

मुलीला खरं सांगा. ‘काकांना मेंदूचा आजार आहे. त्यामुळे त्यांना नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटत होत्या आणि भीती वाटत होती. आता औषध चालू आहे. परत त्रास होऊ शकतो, पण तसं वाटलं तर काय करायचं ते आम्ही मोठ्यांनी ठरवून ठेवलंय. तुझ्यामुळे काही झालं नाही.’ काकांवर नजर ठेवायचं किंवा गोळी दिली का बघायचं काम तिला देऊ नका. तिला भीती वाटली तर कुणाच्या घरी जायचं, ते एक घर मात्र आधी दाखवून ठेवा. आणि पूर्वी काका तिचं काय करून द्यायचे, सायकलचं पंक्चर, गणितं, जे असेल ते पुन्हा सुरू होऊ द्यात, त्यांच्या कलानं.

उद्या सकाळी पहिला फोन समाजसेवा अधीक्षकांना करा. सिव्हिलची फेरी झाली की तिथं काय कळलं ते मला लिहा. काही अडलं असेल तर पुढचं आपण मिळून बघू.